चारचा आकडा

तासगाव कोर्टाच्या कंपाउंडाला टेकून
माझं टेबल, त्यावर मशीन, मशीनवर
गोणपाटाचा तुकडा, कारण लिंबावरून काहीही पडतं.
एकोणतीस वर्षांत चारचा खिळा
झिजून पार गुळगुळीत झाला.
चारशेवीस, चारशे सहा, चारशे अठ्ठ्याण्णव,
लोकांनी एकमेकांना जे जे केलं
त्यात चार हमखास यायचा.

डिसेंबरात शिकलगाराच्या हॉटेलात
टीव्हीवर दिल्लीचं अधिवेशन लागलं होतं.
वकील उभे, पक्षकार उभे, बेलिफ तेवढे बसलेले.
पडद्यावर अर्धी बाकं रिकामी,
आणि एक सन्माननीय सदस्य सांगत होते,
गुलामीचे कायदे आता जाणार,
न्याय शेवटच्या माणसापर्यंत पोचणार.
दुसरे उठले, म्हणाले, वाचायला दोन दिवस तरी द्या.
खालच्या पट्टीवर सोन्याचा भाव सरकत होता.

राजमती चौगुले भज्यांच्या कढईपाशी उभी,
हातात खताच्या पोत्याची शिवलेली थैली,
थैलीत तिची केस.
"शेवटचा म्हंजी कोण वो, अर्जवाले?
रांगंतला का?"
मी म्हटलं, गप ऐक.
ऐकलं तिनं.
अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.
होय झालं.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.
नेमकी तेव्हाच कढईत मिरची पडली.
बहुमत होयचं.
एवढ्या वेळात आमच्याकडं पुकारासुद्धा होत नाही.

जुलैत दस्तगीर झेरॉक्सवाल्यानं तक्ता काढला,
डावीकडं जुनं कलम, उजवीकडं नवं,
लॅमिनेशन करून वीस रुपये, वकिलांना पंधरा.
तीनशे दोनचं एकशे तीन झालं.
चारशेवीसचं तीनशे अठरा,
पुढं कंसात चार.
म्हटलं, वाचला गडी, कंसात का होईना.
हवालदार अजून अडखळतात.
आणि कुणाला तीनशे अठरा म्हणून बघा,
त्याला रागच येत नाही.
शिवी मुरायला वेळ लागतो.
कायदा एका दुपारीत मुरतो.

राजमतीची भिशी बुडाली त्याला चौदा वर्षं झाली.
भिशीवाल्या दोघांतला एक वारला,
दुसरा दर तारखेला तिला जय जिनेंद्र करतो,
तीही करते, सवयीनं.
तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं.
"मग माजी कुटल्या बाजूला?"
डावीकडंच, बाई. गुन्हा जुना, कलम जुनं.
"आन् तारीख?"
तारीख नवी.

मार्केट यार्डात तेव्हा दुसराच वाद चालला होता.
द्राक्ष तोडलं तर फळ, त्याला काही नाही.
तेच वाळवून पेटीत भरलं की माल,
मालाला टक्के.
दिल्लीत त्यावरही कुणीतरी बोललं म्हणे,
रात्री उशिरा, सगळे पांगल्यावर.
राजमती वीस वर्षं शेडवर बेदाणा निवडते,
किती दिवसांत काय वाळतं तिला विचारा.
द्राक्षाला पंधरा-अठरा दिवस, ऊन बघून.
केसचं तिनं अजून सांगितलेलं नाही.

परवा तिला लवकर सुनावणीचा अर्ज करून दिला.
कलम जुनं, म्हणून चारशेवीसच मारलं.
चार उमटला नाही, नुसता खळगा.
खाली मुदतीच्या ओळीत
एक उठला, त्याच्या पुढचा चार नाही.
कागदावर दिसायला लागलं,
अर्जदार १ वर्षापासून न्यायाच्या प्रतीक्षेत आहे.
मी वाचून दाखवलं. ती हसली, दात नसलेल्या बाजूनं.
"ऱ्हाऊ द्या की तसंच,
सायबास्नी बरं वाटंल."

मी पेन काढून चार घातला.
हातानं घातलेला, त्यामुळं
शेजारच्या एकापेक्षा
जरा मोठाच झाला.